आधी शिक्षक घडवले : म्हैसूरची वाक्-श्रवण संस्था आणि जबलपूरचा वर्ग

म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेत भरलेला पहिला वर्ग पदव्युत्तर होता. तिच्या साठ वर्षांच्या वाटचालीतली ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. १९६५ मध्ये संस्था स्थापन झाली, १९६६ मध्ये म्हैसूर विद्यापीठाचा दोन वर्षांचा एम.एस्सी. अभ्यासक्रम सुरू झाला आणि बी.एस्सी.चा वर्ग त्यानंतर, १९६८ मध्ये निघाला. पायरीपायरीने वर जायचे सोडून वरूनच सुरुवात करण्याचे कारण साधे होते. देशात हा विषय शिकवायला माणसेच नव्हती. शिकवणारे आधी घडवायचे, मग त्यांच्या हाताखाली पदवीचे विद्यार्थी, आणि त्यांच्याही नंतर गावोगावचे साहाय्यक, असा तो क्रम होता. त्यातली शेवटची पायरी आमच्या जबलपूरच्या मेडिकल कॉलेजपर्यंत पोचायला चार दशके लागली.

त्याआधी न बोलणाऱ्या मुलाचे काय होत असे, हे जुन्या घरांतून अजूनही ऐकायला मिळते. जिभेला वेखंड लावायचे, नवस बोलायचा, जीभ खाली चिकटली आहे का ते कुणा जाणत्याला दाखवायचे, आणि मुलगे उशिराच बोलतात म्हणून चार-पाच वर्षांचा होईपर्यंत वाट पाहायची. कान-नाक-घशाचे डॉक्टर कान तपासत. पण ऐकू कमी येते हे ठरल्यावर पुढे त्या मुलाला बोलते कोणी करायचे, याला उत्तर नव्हते. मूकबधिरांच्या शाळा होत्या. मुंबईत तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीलाच अशी शाळा निघाली होती. पण पक्षाघाताने वाचा गेलेला कर्ता पुरुष, अडखळत बोलतो म्हणून वर्गात हात वर न करणारा कॉलेजचा मुलगा, दुभंगलेल्या टाळूचे बाळ, कर्करोगात स्वरयंत्र काढून टाकलेला रुग्ण, यांनी कोणत्या दारात उभे राहायचे? ते दारच नव्हते.

अमेरिकेत हा व्यवसाय तोवर स्वतःच्या पायांवर उभा राहिला होता. दुसऱ्या महायुद्धातून डोक्याला जखमा घेऊन परतलेल्या सैनिकांना पुन्हा बोलते करण्याच्या गरजेने त्याला मोठा जोर आला. कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात डॉ. मार्टिन पामर यांनी १९३४ पासून लोगोपेडिक्सची, म्हणजे वाचा-उपचारांची, संस्था चालवली होती. साठच्या दशकाच्या सुरुवातीला भारत सरकारच्या आरोग्य खात्याने याच पामरांचा सल्ला घेतला. म्हैसूरच्या संस्थेचे पहिले नाव ‘ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ लोगोपेडिक्स’ होते, त्यात विचिटाची छाया स्पष्ट दिसते. १९६६ मध्ये आजचे नाव आले.

मराठी वाचकांसाठी इथे मुंबईची नोंद करायलाच हवी. म्हैसूरचा वर्ग भरण्याआधीच, साठच्या दशकाच्या आरंभी, मुंबईच्या नायर रुग्णालयात आणि टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात श्रवणशास्त्र आणि वाचा-उपचारांचे शिक्षण सुरू झाले होते. देशातले हे पहिले औपचारिक प्रशिक्षण. असहकाराच्या चळवळीतून १९२१ मध्ये जन्मलेले राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय, डॉ. आनंदराव नायर यांनी आपल्या आईच्या, बाई यमुनाबाईंच्या नावाने उभारलेले रुग्णालय आणि टोपीवाला देसाई यांची देणगी, अशा तीन धाग्यांतून विणलेल्या या संस्थेचा कारभार पुढे मुंबई महापालिकेकडे आला. गिरणगावाच्या शेजारचे हे पालिकेचे रुग्णालय. तिथे येणारा रुग्ण कोकणातला, घाटावरचा, उत्तर प्रदेशातला, गुजरातमधला. एका दिवसात विद्यार्थ्याच्या कानावर चार-पाच भाषा पडत. पहिल्या पिढीतल्या वाचातज्ज्ञांना याहून चांगली शाळा मिळाली नसती.

म्हैसूरची गोष्ट वेगळी. तिथे सरकारने मुद्दाम एक राष्ट्रीय संस्था घडवायला घेतली. जागा महाराजा जयचामराजेंद्र वडियार यांनी दिली, कोनशिला १९६६ मध्ये राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते बसली. मानसगंगोत्रीच्या परिसरात, विद्यापीठाच्या सावलीत ही संस्था वाढली. १९६९ मध्ये त्याच परिसरात भारतीय भाषांची केंद्रीय संस्था आली. दोन्हींचे शेजारी असणे मला फार मोलाचे वाटते. वाचेचा विकार समजायचा तर आधी निरोगी वाचा कशी चालते हे सांगणारा भाषावैज्ञानिक जवळ हवा.

या पदव्युत्तर शिक्षणात नेमके काय शिकवतात, याची कल्पना बाहेरच्या माणसाला सहसा नसते. ‘स्पीच थेरपी’ म्हणजे मुलांकडून अक्षरे घोकून घेणे, असा समज सुशिक्षित घरांतही आढळतो. आधी चार वर्षांची पदवी. त्यातले शेवटचे वर्ष आंतरवासितेचे. त्यानंतर दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण. पूर्वी श्रवण आणि वाचा हे दोन्ही विषय एकाच एम.एस्सी.त होते, नव्या शतकात म्हैसूरने त्यांच्या दोन वेगळ्या पदव्या केल्या. वाचा-भाषेचा विद्यार्थी मेंदूत भाषा कुठे आणि कशी वसते ते शिकतो. जिभेचे, ओठांचे, टाळूचे, स्वरतंतूंचे स्नायू कोणत्या चेतांवर चालतात, त्यातली एक चेता दुखावली तर आवाज कसा होतो, हे त्याला नुसते ऐकून ओळखता यावे लागते. मुलाची भाषा कोणत्या महिन्यात कुठपर्यंत यावी, अडखळण्यामागे काय काय असते, आत्ममग्न मुलाशी संवादाचा पहिला दुवा कसा जोडायचा, ज्याला बोलता येणारच नाही त्याला चित्रांच्या पाटीवरून किंवा यंत्रातून मनातले सांगायला कसे शिकवायचे, हे सारे अभ्यासक्रमात येते.

आणि गिळणे. हा भाग ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटते. ज्या स्नायूंनी आपण बोलतो, त्यांतल्या बहुतेकांनी गिळतोही. पक्षाघाताच्या रुग्णाला घोटभर पाणी दिले आणि ते श्वासनलिकेत उतरले, तर फुप्फुसात संसर्ग होऊन जीवावर बेतू शकते. पाणी द्यायचे की दाट केलेले पेय, मान कशी ठेवायची, तोंडाने अन्न कधी सुरू करायचे, या निर्णयांत वाचातज्ज्ञाचा सल्ला लागतो. जिल्हा रुग्णालयाच्या वॉर्डात हे सांगणारे कोणी नसेल, तर मायेपोटी पाजलेले पाणीच घात करते.

पुस्तकातून येते ते अर्धेच. उरलेले क्लिनिकमध्ये, ज्येष्ठ शिक्षकाच्या नजरेखाली शिकायचे असते. विद्यार्थी रुग्णासोबत खोलीत बसतो, पर्यवेक्षक एकतर्फी काचेमागून पाहतो. प्रत्येक सत्राआधी पाठाची आखणी लिहायची, सत्रानंतर काय झाले ते लिहायचे, आणि ती वही लाल शाईने भरून परत यायची. या शिस्तीतून गेलेल्या माणसाला गप्प बसायची कला येते. मुलाने उत्तर द्यायला दहा सेकंद घेतली तर ती दहा सेकंद त्याची आहेत, मध्ये आपण बोलायचे नाही. आयांना हीच गोष्ट शिकवणे सर्वांत कठीण जाते, कारण आईला आपल्या लेकराची अडचण बघवत नाही. या क्षेत्रातल्या चांगल्या संस्था आईलाही वर्गात बसवतात, ते याचसाठी. आठवड्यातला तासभर उपचार आणि उरलेले सारे तास घर, असा हिशोब असतो. घराला शिकवले नाही तर तो तास वाया जातो.

आता अवघड भागाकडे येते. ही विद्या आपल्याकडे इंग्रजीतून आली. चाचण्या अमेरिकन मुलांवर बेतलेल्या, चित्रे तिकडच्या घरांची, ध्वनींचे कोष्टक इंग्रजीचे. त्या कोष्टकात ‘ळ’ नाही, ‘ण’ नाही, ‘ख’, ‘घ’, ‘ध’, ‘भ’ हे महाप्राण वेगळे वर्ण म्हणून नाहीत. मराठी मूल ‘काळ’ आणि ‘काल’ यांत फरक करते की नाही, ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च वेगवेगळे उच्चारते की नाही, हे त्या चाचणीला विचारताच येत नाही. व्याकरणाचेही तसेच. ‘मुलाने आंबा खाल्ला’, ‘मुलाने पोळी खाल्ली’ : क्रियापद कर्त्याकडे न पाहता कर्माकडे पाहते. तीन लिंगे, त्यांच्या विभक्ती, सामान्यरूपे. वाचाघाताच्या मराठी रुग्णाचे वाक्य नेमके याच सांध्यांवर निखळते. इंग्रजीची चाचणी हे सांधे तपासतच नाही, त्यामुळे रुग्ण तिच्यात बरा ठरू शकतो आणि घरी गेल्यावर बायकोला त्याचे बोलणे कळत नाही.

मराठीचा ध्वनिविचार शास्त्रशुद्ध रीतीने मांडण्याचे मोठे काम डॉ. अशोक केळकर यांनी कॉर्नेल विद्यापीठातल्या १९५८ च्या प्रबंधात केले होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाचा पाया त्याच दशकात भक्कम झाला. म्हणजे कच्चा माल तयार होता; तो क्लिनिकमध्ये आणणारे हात हवे होते. इथे पदव्युत्तर शिक्षणाने मोठी कामगिरी केली, आणि तिचा पुरेसा गौरव झालेला नाही असे मला वाटते. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला प्रबंधिका लिहावी लागते. म्हैसूरला, मुंबईला देशाच्या कानाकोपऱ्यातून विद्यार्थी येत, आणि त्यांतले अनेक जण प्रबंधिकेसाठी आपल्याच भाषेतली चाचणी बनवायला घेत. कानडी, हिंदी, मल्याळम, मराठी अशा भाषांतले शब्दसंच, वाक्यसंच, निरोगी मुलांची तुलनेसाठी घेतलेली नोंद, यांचा मोठा भाग या वीस-बावीस वर्षांच्या मुलामुलींनी उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळाशाळांतून फिरून गोळा केला आहे. मोठ्या अनुदानाच्या प्रकल्पांची वाट पाहिली असती तर आपण अजून परक्या चित्रांवर बोट ठेवून मुलांना प्रश्न विचारत बसलो असतो.

पुढचा काही इतिहास थोडक्यात. ९ ऑगस्ट १९८३ रोजी मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला श्रवण-अपंगांसाठीची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. महाराष्ट्राचे राज्यपाल असताना निधन पावलेल्या अली यावर जंग यांचे नाव तिला दिले गेले. म्हैसूरची संस्था आरोग्य खात्याची, वांद्र्याची समाजकल्याणाची. व्यवसाय एक, पालक दोन. याचे फायदेही झाले, ओढाताणही झाली. १९९२ मध्ये भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा झाला आणि नोंदणीशिवाय हा व्यवसाय करणे गुन्हा ठरले. रुग्णाच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट होती, कारण दोन महिन्यांचा वर्ग करून ‘थेरपिस्ट’ची पाटी लावणारे तोवर पुष्कळ झाले होते, आजही ते संपलेले नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने वाचा-भाषेच्या विकाराला स्वतंत्र स्थान दिले. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेले सुमारे ५१ लाख आणि वाचादोष असलेले सुमारे २० लाख लोक नोंदले गेले होते. घरच्यांनी सांगितले तेवढेच यात आले. लाजेपोटी सांगितले नाही, ते राहिले.

आता जबलपूर. नेताजी सुभाषचंद्र बोस मेडिकल कॉलेज १९५५ मध्ये सुरू झाले, तेव्हा आपल्या राज्याची राजधानी नागपूर होती. वर्षभरातच राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ वेगळा झाला, आणि महाकोशलातली मराठी माणसे नव्या मध्य प्रदेशात राहिली. त्यांची इथली मुळे भोसल्यांच्या अमलापर्यंत मागे जातात. रेल्वे, तोफगाडी कारखाना आणि उच्च न्यायालय यांनी त्यात नवी कुटुंबे आणली. मेडिकल मात्र साऱ्या भागाचे आहे. मंडला, डिंडोरी, नरसिंहपूर, कटनी, सिवनी, बालाघाट इथून माणसे तिथे येतात. कुणाच्या घरी बुंदेली, कुणाच्या घरी गोंडी, बालाघाटच्या कुणाच्या घरी पोवारी किंवा मराठी.

२००७ च्या सुमारास बहिरेपणाच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत कान तपासणारी, श्रवणयंत्र बसवून देणारी, प्राथमिक वाचा-उपचार करणारी माणसे एकदम हवी झाली. म्हैसूरच्या संस्थेने त्यावर काढलेला तोडगा कल्पक होता. श्रवण-भाषा-वाचेची एक वर्षाची पदविका निरनिराळ्या राज्यांतल्या वैद्यकीय महाविद्यालयांत सुरू करायची. व्याख्याने म्हैसूरहून थेट दृक्‌श्राव्य जोडणीने, प्रश्नोत्तरांसकट, आणि प्रत्यक्ष काम तिथल्याच रुग्णांसोबत. अजमेर, इंफाळ, पुदुच्चेरी, शिमला, रांची यांच्याबरोबर जबलपूरचे मेडिकल त्या यादीत आले. नवजात बाळांची श्रवणतपासणीही या जाळ्यातून बाहेरच्या केंद्रांवर पोचली. ज्या संस्थेने १९६६ मध्ये मूठभर शिक्षक घडवायला घेतले होते, तिचे शिक्षक आता पडद्यावरून महाकोशलातल्या बारावी झालेल्या मुलांना शिकवू लागले.

या शहराला त्याची किती गरज आहे, ते बडा फुहाऱ्यावर उभे राहिले की ऐकू येते. लॉर्डगंज, सराफा, कमानिया गेट या साऱ्या जुन्या बाजाराचा हा मध्य, आणि बाजार आवाजावर चालतो. साडीच्या दुकानातला विक्रेता, हातगाडीवरचा भाजीवाला, गल्लीतल्या शिकवणीचे मास्तर, मंदिरातले कीर्तनकार, सारे दिवसभर गर्दीच्या वर आवाज काढतात. आवाज घोगरा झाला की हळद-दूध, मुलेठी आणि चार दिवस वाट पाहणे. स्वरतंतूंवर गाठी धरल्या असतील तर त्यांतल्या पुष्कळशा नुसत्या आवाज वापरण्याची रीत बदलून बऱ्या होऊ शकतात, हे त्यांना सांगणारे कोणी भेटत नाही. शिवाय याच बाजारात तंबाखू आणि गुटख्याने आखडलेली तोंडे रोज दिसतात. जबडा उघडत नाही, जीभ फिरत नाही. पुढे कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली तर जीव वाचतो, पण बोलणे पुन्हा शिकवावे लागते. घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकला तर घसा दाखवलाच पाहिजे, एवढे वाक्य या बाजारात घरोघर पोचले तरी काही जीव वेळेवर सापडतील.

या भागातल्या मराठी घरांचा प्रश्न आणखी नाजूक आहे. मूल घरात मराठी बोलते, दारात बुंदेली वळणाची हिंदी, शाळेत इंग्रजी. आजीला ते ‘हो’ म्हणते आणि खाली खेळताना ‘हओ’. त्याचा ‘ळ’ बहुधा ‘ल’ होतो, आणि नपुंसकलिंग हिंदीच्या सहवासात विरून जाते. हा विकार नव्हे. दोन भाषांच्या काठावर वाढणाऱ्या मुलाची ही स्वाभाविक वाणी आहे. पण पुण्याच्या मुलांवर बेतलेली चाचणी त्याला मागे टाकील आणि हिंदीची चाचणी त्याला येणारे अर्धे शब्द मोजणारच नाही. याच्या उलटही घडते. भाषा खरोखर उशिरा येत असलेल्या मुलाला ‘दोन भाषांचा गोंधळ’ म्हणून घरी पाठवले जाते आणि मोलाची दोन वर्षे जातात. काही ठिकाणी घरातली मराठी बंद करा, एकच भाषा बोला, असाही सल्ला मिळतो. दोन भाषांमुळे वाचाविकार होत नाही, हे आज या शास्त्रात पक्के आहे. तरी त्या सल्ल्यापायी आजी-नातवंडांमधला संवाद तुटलेली घरे मी पाहिली आहेत. पक्षाघात झालेले आजोबा अभंग सलग म्हणतात, एक ते वीस आकडे म्हणतात, आणि पाणी मात्र मागू शकत नाहीत. त्यांची तपासणी फक्त हिंदीत झाली तर मराठीत काय शिल्लक आहे ते कळणारच नाही, आणि उपचाराचा धागा तर तिथूनच उचलायचा असतो.

पदविका झालेली मुले हे एकट्याने पेलू शकत नाहीत. तशी अपेक्षा ठेवणे त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांच्या डोक्यावर पदव्युत्तर शिकलेला, निदानाची जबाबदारी घेणारा माणूस हवा. आणि पदव्युत्तर शिकलेला माणूस मुंबई, बंगळूरु, दिल्लीत राहतो किंवा अमेरिका, ऑस्ट्रेलियाला जातो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. सरकारी पदे थोडी, पगार तुटपुंजा. कॉक्लियर इम्प्लांटसाठी मध्य प्रदेशात बाल श्रवण योजना आली, लहानग्यांच्या कानात महागडे यंत्र बसू लागले. पण यंत्र बसल्यानंतर पुढची काही वर्षे त्या मुलाला ऐकायला आणि बोलायला शिकवावे लागते, आणि डिंडोरीच्या मुलासाठी ते शिक्षण डिंडोरीत नाही. शस्त्रक्रियेसाठी पैसा मंजूर होतो, थेरपिस्टचे पद रिकामे राहते. माझ्या मते या घडीला सर्वांत निकडीचे काम हे पद भरण्याचे आहे.

या स्मरणिकेच्या वाचकांत बारावी विज्ञानाला असलेली मुले-मुली आणि त्यांचे पालक असतील. त्यांच्यासमोर एक तयार विषय ठेवते. जबलपूरच्या मराठी घरांतल्या तीन ते सहा वर्षांच्या मुलांची भाषा अशी नोंदवायची, की घरातली मराठी आणि दारातली हिंदी दोन्ही त्यात येतील. कोणता ध्वनी कोणत्या वयात स्थिरावतो, ‘ळ’ कुणाच्या घरी टिकतो, कर्माप्रमाणे क्रियापद कधी जुळू लागते. असेच काम मंडल्याच्या गोंडी मुलांचे, बालाघाटच्या पोवारी मुलांचे. दोन वर्षांच्या एम.एस्सी.त एक प्रबंधिका होते. इथे निदान तीन प्रबंधिकांचे काम पडले आहे, आणि ते करायला म्हैसूर-मुंबईत शिकून आलेला, पण या गल्ल्यांतली बोली लहानपणापासून कानात असलेला विद्यार्थी लागेल.